जपानचा तारा अमेरिकेत जातो तेव्हा त्याची किंमत कोण ठरवतो?

प्रश्न असा आला आहे : बेसबॉलपटू शोहेई ओहतानी २०१७ च्या अखेरीस जपान सोडून अमेरिकेत गेला तेव्हा त्याला करारावर सही करण्याबद्दल जेमतेम २३ लाख १५ हजार डॉलर मिळाले. सहा वर्षांनी योशिनोबु यामामोतो त्याच वाटेने गेला, तेव्हा अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तेथील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, एकही चेंडू टाकलेला नसताना त्याला १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. दोघेही आपापल्या वेळी जपानमधील सर्वोत्तम खेळाडू होते, मग एवढी तफावत का? आणि जपानी क्लब आपले हुकमी खेळाडू असे हातचे जाऊ का देतात?

खेळाडूंच्या करारांचे मसुदे तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि जपान-अमेरिका बेसबॉल करार हा त्यातला माझ्या विशेष आवडीचा भाग आहे. पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. हा फरक गुणवत्तेचा नाही, वयाचा आहे. यामामोतोने करार केला तेव्हा त्याला २५ वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले होते, तर ओहतानी २३ वर्षांचा होता. अमेरिकी क्लब आणि तेथील खेळाडू संघटना यांच्यात २०१६ च्या अखेरीस झालेल्या करारानुसार, परदेशातून येणारा खेळाडू २५ वर्षांचा नसेल किंवा त्याने व्यावसायिक स्तरावर सहा हंगाम पूर्ण केलेले नसतील, तर तो ‘नवशिका’ समजला जातो. अशा नवशिक्याला क्लब फक्त आपल्या वार्षिक आंतरराष्ट्रीय बोनस निधीतूनच पैसे देऊ शकतो आणि त्या निधीला कठोर मर्यादा आहे. पूर्वी ही वयोमर्यादा २३ होती. ती २५ वर नेली गेली आणि त्यात ओहतानी अडकला.

परिणाम केवळ बोनसपुरता राहत नाही. नवशिका म्हणून आलेला खेळाडू मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तराच्या, करारावर सही करतो, मुख्य संघात आल्यावर पहिली वर्षे जवळपास किमान वेतनावर खेळतो, त्यानंतर वेतनाचा वाद लवादाकडे नेता येण्याच्या टप्प्यातून जातो आणि सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करण्यास मोकळा, होतो. ओहतानीचे २०१८ चे वेतन ५ लाख ४५ हजार डॉलर होते आणि त्याच हंगामात तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. लवादाच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे २०२३ साठी, त्याला ३ कोटी डॉलर मिळाले. लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबरचा १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार झाला तो सहा वर्षांची ही मुदत संपल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये. त्यातील ६८ कोटी डॉलर त्याने स्वतःहून पुढे ढकलून २०३४ ते २०४३ या काळात, व्याजाशिवाय घेण्याचे मान्य केले. दोन वर्षे थांबला असता तर २०१९ च्या हिवाळ्यातच तो खुल्या बाजारात उतरला असता. त्याला हे पुरते ठाऊक होते आणि तरीही तो गेला. त्याच्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्यामुळे नियम न्याय्य ठरत नाही.

ही व्यवस्था अशी का झाली हे समजायचे तर मागे जावे लागेल, कारण यातील जवळपास प्रत्येक कलमामागे एखाद्या खेळाडूचा वाद आहे.

१९६४ मध्ये नानकाई हॉक्स या क्लबने मासानोरी मुराकामी या तरुण डावखुऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या फ्रेस्नो येथील कनिष्ठ संघात अनुभव घेण्यासाठी पाठवले. तो मुख्य संघापर्यंत पोहोचेल असे नानकाईला बहुधा वाटलेच नव्हते. १ सप्टेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमवर तो मेट्सविरुद्ध उतरला आणि मेजर लीगमध्ये खेळणारा पहिला जपानी ठरला. आता जायंट्स त्याला सोडेनात आणि नानकाई त्याला परत मागू लागले. करारात त्याचे हक्क अल्प रकमेत विकत घेण्याची तरतूद होती आणि तिच्या अर्थावरून दोन्ही बाजू हटून बसल्या. अखेर तडजोड झाली : १९६५ चा हंगाम तो अमेरिकेत खेळेल आणि नंतर मायदेशी परतेल. तो परतला, आणि पुढच्या जपानी खेळाडूसाठी मेजर लीगला तीस वर्षे वाट पाहावी लागली. १९६७ मध्ये दोन्ही देशांच्या व्यवस्थापनांनी एकमेकांच्या खेळाडूंना परस्पर हात न लावण्याचा करार केला. क्लबांमधील तंट्याची किंमत खेळाडूंच्या एका संपूर्ण पिढीने मोजली.

ही कोंडी फोडली हिदेओ नोमोने. किंतेत्सु बफेलोजचा हा पिचर चेंडू टाकताना पाठ पूर्णपणे बॅटरकडे वळवत असे, म्हणून त्याच्या शैलीला ‘टॉर्नेडो’ म्हणत. १९९४ नंतर त्याचे क्लबशी बिनसले. एजंट डॉन नोमुरा यांनी जपानी नियमावली बारकाईने वाचली आणि त्यांना एक फट सापडली. खेळाडूने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर तो जपानमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळू शकत नव्हता, परंतु परदेशात खेळण्यावर बंदी असल्याचे कोठेही लिहिलेले नव्हते. नोमो वयाच्या २६ व्या वर्षी कागदोपत्री निवृत्त झाला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये डॉजर्समध्ये दाखल झाला. आपल्या वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. भारतीय मंडळ आपल्या पुरुष क्रिकेटपटूंना परदेशी ट्वेंटी-२० लीगसाठी ना-हरकत देत नाही, म्हणून दिनेश कार्तिकने निवृत्ती घेतल्यानंतरच दक्षिण आफ्रिकेच्या लीगचा करार केला. फरक एवढाच की कार्तिकची कारकीर्द संपत आली होती, तर नोमो ऐन भरात होता. त्याच्या वडिलांच्या पिढीला हा विश्वासघात वाटला. अमेरिकेत मात्र त्या वर्षी तो १३ सामने जिंकला, २३६ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, ऑल-स्टार सामन्यात पहिला चेंडू त्याच्या हाती दिला गेला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदितही तोच ठरला. खेळाडूंच्या संपामुळे १९९४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, रद्द झाली होती आणि प्रेक्षक रुसलेले होते, त्यामुळे त्याचे महत्त्व केवळ धावफलकापुरते नव्हते. जपानमध्ये पहाटे उठून लोक त्याचे सामने पाहू लागले, तेव्हा विश्वासघाताची भाषा आपोआप मागे पडली.

क्लबांनी फट बुजवण्याची तयारी सुरू केली. तेवढ्यात १९९७ मध्ये चिबा लोत्तेने हिदेकी इराबूचे हक्क खेळाडूला न विचारता सॅन दिएगो पाड्रेसकडे सोपवले. इराबूला फक्त न्यूयॉर्क यांकीजकडूनच खेळायचे होते, त्याने सॅन दिएगोला जाण्यास साफ नकार दिला आणि शेवटी त्याला यांकीजकडे पाठवावे लागले. अमेरिकी खेळाडू संघटनेने या व्यवहाराला तीव्र विरोध केला, कारण त्यातून माणसाची परस्पर विक्री होत होती. या दोन वादांतून डिसेंबर १९९८ मध्ये ‘पोस्टिंग’ नावाची व्यवस्था आली.

पोस्टिंगचे मूळ रूप बंद निविदेचे होते. जपानी क्लबने खेळाडू उपलब्ध असल्याचे जाहीर करायचे, अमेरिकी क्लबांनी गुप्त बोली लावायची, सर्वाधिक बोली लावणाऱ्या एकाच क्लबला त्या खेळाडूशी ३० दिवस वाटाघाटी करण्याचा हक्क मिळायचा, आणि करार झाला तर बोलीची रक्कम जपानी क्लबच्या खात्यात जायची. ओरिक्स ब्लूवेव्हचा इचिरो सुझुकी २००० मध्ये याच मार्गाने सिएटल मरिनर्सकडे गेला. बोली १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलरची होती आणि त्याचा स्वतःचा तीन वर्षांचा करार सुमारे १ कोटी ४१ लाखांचा. जपानी पिचर अमेरिकेत चालतात हे नोमोने दाखवले होते, पण सडपातळ जपानी बॅटर तिथल्या वेगापुढे टिकेल का, ही शंका उघडपणे बोलली जात होती. २००१ मध्ये इचिरोने २४२ हिट मारले, सर्वोत्कृष्ट नवोदित आणि सर्वात मौल्यवान खेळाडू हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी मिळवले, २००४ मध्ये २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा विक्रम मोडला आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेलेला पहिला जपानी ठरला. ३९४ पैकी ३९३ मते त्याला पडली.

आता या रकमांकडे करारतज्ज्ञाच्या नजरेने पाहू. इचिरोसाठी मरिनर्सने मोजलेल्या एकूण पैशांपैकी जवळपास ४८ टक्के ओरिक्सला गेले. २००६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने दाइसुके मात्सुझाकासाठी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलरची बोली लावली आणि त्याला सहा वर्षांसाठी ५ कोटी २० लाख दिले, म्हणजे निम्मी रक्कम सेइबु लायन्सची झाली. पुढे यू दार्विश या पिचरच्या बाबतीत हा वाटा ४६ टक्के होता. पिचिंग करणारा एक आणि त्याच्याइतकेच कमावणारा दुसरा, असा हा हिशेब होता. खेळाडूकडे सौदा करण्याची कोणतीच ताकद नव्हती, कारण समोर एकच क्लब असे आणि त्याला नकार दिला तर गुमान मायदेशी परतावे लागे. हिसाशी इवाकुमाचे २०१० मध्ये तेच झाले. ओकलंडने बोली जिंकली, वेतनावर एकमत झाले नाही आणि तो आणखी एक वर्ष राकुतेनकडे खेळला. श्रीमंत अमेरिकी क्लबांना ही रीत सोयीची होती, त्याला आणखी एक कारण होते, ज्याची चर्चा कमी होते. बोलीची रक्कम संघाच्या वेतनखर्चात धरली जात नसे, त्यामुळे तिच्यावर चैनकर, म्हणजे मर्यादेपलीकडच्या वेतनखर्चावर क्लबला भरावा लागणारा कर, लागू होत नसे.

डिसेंबर २०१३ मध्ये नियम उलटला. बोली बंद झाली, हस्तांतर शुल्काला २ कोटी डॉलरची कमाल मर्यादा आली आणि ते द्यायला तयार असलेल्या प्रत्येक क्लबला वाटाघाटीचा हक्क मिळाला. पहिला लाभार्थी मासाहिरो तानाका होता, जो त्या हंगामात राकुतेनकडून २४ सामने जिंकला होता आणि एकही हरला नव्हता. यांकीजने त्याला सात वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख दिले आणि राकुतेनचा वाटा ११ टक्क्यांवर घसरला. जपानी क्लब नाराज झाले, हे स्वाभाविक होते. सध्याची पद्धत त्यानंतरच्या तडजोडीतून आली : करारातील पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा टक्के आणि पाच कोटींच्या वरच्या रकमेवर १५ टक्के शुल्क. हे पैसे खेळाडूच्या वेतनातून कापले जात नाहीत, ते अमेरिकी क्लब वेगळे देतो. यामामोतोच्या कराराला हे सूत्र लावून पाहा : ५० लाख, अधिक ४३ लाख ७५ हजार, अधिक ४ कोटी १२ लाख ५० हजार, एकूण ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर. ओरिक्सला जवळपास मात्सुझाकाच्या बोलीइतकीच रक्कम मिळाली, पण खेळाडूचा वाटा सहापटीने वाढला. मला हे सूत्र आजवरच्या सर्व व्यवस्थांमध्ये सर्वात समजूतदार वाटते.

नवशिक्यांच्या बाबतीत मात्र ते कोसळते, कारण तेथे शुल्क केवळ साइनिंग बोनसच्या २५ टक्के असते. रोकी सासाकीचे उदाहरण ताजे आहे. १० एप्रिल २०२२ रोजी, विसाव्या वर्षी, त्याने ओरिक्सविरुद्ध एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सामना संपवला. त्यात १९ जण स्ट्राइकआउट झाले आणि त्यातले १३ लागोपाठ. २०२४ च्या हिवाळ्यात, २३ व्या वर्षी, चिबा लोत्तेने त्याला पोस्ट केले. त्याची तारीख जाणकारांनी आवर्जून पाहिली, कारण ४५ दिवसांची मुदत १५ जानेवारीच्या पलीकडे जाईल असे तिचे नियोजन होते आणि त्या दिवशी क्लबांचे नवे बोनस निधी खुले होतात. डॉजर्सने इतर क्लबांकडून जादा निधी मिळवून त्याला ६५ लाख डॉलर दिले. लोत्तेच्या वाट्याला १६ लाख २५ हजार आले. दोन वर्षे थांबवले असते तर कदाचित त्याच्या वीस-पंचवीसपट मिळाले असते. लोत्तेच्या चाहत्यांचा राग मी समजू शकतो.

येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. जपानमध्ये ड्राफ्टमधून (क्लबांनी नव्या खेळाडूंची निवड करण्याच्या पद्धतीतून) आलेल्या खेळाडूला परदेशी जाण्याचा फ्री एजन्सीचा हक्क मिळण्यासाठी मुख्य संघाच्या यादीत नऊ हंगाम भरावे लागतात आणि एक हंगाम म्हणजे १४५ दिवस. कनिष्ठ संघातले दिवस त्यात मोजले जात नाहीत. अठराव्या वर्षी आलेला मुलगा म्हणूनच सत्तावीस ते तीस वर्षांचा होईपर्यंत बांधलेला राहतो. नऊ वर्षे पूर्ण करून तो गेला तर क्लबच्या हाती काहीच लागत नाही. २००२ मध्ये हिदेकी मात्सुई योमिउरी जायंट्स सोडून यांकीजकडे गेला, २०२२ मध्ये कोदाई सेंगा सॉफ्टबँक हॉक्स सोडून मेट्सकडे गेला आणि दोन्ही वेळा क्लबला एक डॉलरही मिळाला नाही. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी पोस्ट करून मोबदला घेणे हे ओरिक्स, निप्पॉन हॅम किंवा हिरोशिमा यांसारख्या क्लबांना शहाणपणाचे वाटते. सॉफ्टबँकसारख्या धनाढ्य क्लबला पैशांपेक्षा खेळाडू हवा असतो, म्हणून तो पोस्टिंगला नकार देत आला. खेळाडू मागणी करू शकतो, पण निर्णय सर्वस्वी क्लबचा असतो, हे लक्षात ठेवावे. बातम्यांत ‘अमुक पोस्टिंगने जाणार’ असे ठाम वाक्य असते तेव्हा हा तपशील बहुतेक वेळा गाळलेला असतो.

काही वेळा खेळाडूला दिलेले आश्वासन हेच क्लबचे भांडवल बनते. २०१२ मध्ये शाळकरी ओहतानीने थेट अमेरिकेला जाणार असे जाहीर केले होते. निप्पॉन हॅमने तरीही त्याला ड्राफ्ट केले आणि कोवळ्या वयात परदेशी गेलेल्या खेळाडूंचे काय झाले याचा अभ्यास मांडणारा दस्तऐवज त्याच्या कुटुंबापुढे ठेवला. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करू देण्याचे वचनही दिले. ते वचन पाळले गेले नसते तर एकाच हंगामात ५४ होम रन आणि ५९ स्टील (चेंडू फटकावला नसताना धावून पुढचा बेस गाठणे) करणारा, चार वेळा सर्वात मौल्यवान ठरलेला हा खेळाडू कदाचित केवळ पिचर म्हणून ओळखला गेला असता. याउलट २००८ मध्ये जुनइची ताझावाने जपानी क्लबांना आपल्याला ड्राफ्ट न करण्याची विनंती केली आणि तो थेट रेड सॉक्सकडे गेला, तेव्हा जपानी व्यवस्थेने असा नियम केला की ड्राफ्ट टाळून परदेशी गेलेल्यांना परतल्यावर दोन ते तीन वर्षे जपानी क्लब घेणार नाहीत. ती सूडबुद्धी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये तो नियम रद्द झाला, ही चांगली गोष्ट झाली.

मैदानावरच्या फरकांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ते करारात उतरतात. मेजर लीगचा चेंडू जपानी चेंडूपेक्षा किंचित मोठा आणि निसरडा असतो. जपानमध्ये पिचर साधारण आठवड्यातून एकदा उतरतो, अमेरिकेत पारंपरिकपणे पाचव्या दिवशी. हंगाम १४३ ऐवजी १६२ सामन्यांचा आणि प्रवास अनेक कालविभागांतून. मात्सुझाका, दार्विश आणि ओहतानी या तिघांच्याही कोपरावर अमेरिकेत शस्त्रक्रिया झाल्या, तानाकाच्या कोपराचा अस्थिबंध पहिल्याच हंगामात अंशतः फाटला. याचा दोष केवळ अमेरिकी वेळापत्रकाला देता येणार नाही. मात्सुझाकाने १९९८ च्या कोशिएन शालेय स्पर्धेत एका १७ इनिंगच्या सामन्यात २५० चेंडू टाकले होते, आणि अमेरिकी क्लबांचे वैद्यकीय पथक हा इतिहास तपासूनच कराराची वर्षे सुचवते. डॉजर्सने सहा पिचरांची फेरी स्वीकारून यामामोतोला जपानसारखी विश्रांती दिली. त्याचे फळ २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दिसले : टोरोंटोविरुद्ध दुसरा, सहावा आणि सातवा असे तीन सामने त्याने जिंकले, आणि शेवटचे दोन तर लागोपाठच्या दिवशी. बॅटरांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना वेगाशी जुळवून घ्यावे लागते. ओहतानीने २०१८ च्या सराव शिबिरात सूर हरवल्यावर पाय उचलण्याची सवय सोडली आणि फक्त टाच वळवून फटका मारण्याची रीत धरली. हंगाम सुरू होताच होम रन सुरू झाले. इतक्या लवकर असा बदल सर्वांना जमत नाही आणि म्हणून बॅटरांचे करार पिचरांच्या तुलनेत अजूनही सावध असतात.

माझ्या मते जपानने नऊ वर्षांची अट सातवर आणावी आणि अमेरिकेने पंचविशीची अट तेविशीवर परत न्यावी. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नियमाआड लपता येते, म्हणून दोघेही हालत नाहीत, आणि मध्ये अडकतो तो तेविशीतला खेळाडू, ज्याच्या खांद्याची उत्तम वर्षे मोजकीच असतात. मुलांनी मात्र आता तिसरी वाट शोधली आहे. शालेय स्तरावर १४० होम रन मारणारा रिंतारो सासाकी जपानी ड्राफ्टला उभाच राहिला नाही आणि थेट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. अमेरिकी महाविद्यालयातून आलेला खेळाडू तेथील ड्राफ्टमधून निवडला जातो, त्याला ना पोस्टिंग लागते ना नऊ वर्षे. यापुढे एखाद्या जपानी खेळाडूच्या स्थलांतराची बातमी वाचाल तेव्हा आधी त्याची जन्मतारीख, मग मुख्य संघातील सेवावर्षे आणि नंतर त्याच्या क्लबचे पोस्टिंगबाबतचे पूर्वीचे धोरण पाहा. रकमेचा अंदाज त्या तीन गोष्टींवरून बराचसा बांधता येतो.